ओव्हरक्लॉक्ड रीमिक्स : आरपीजी गेमच्या सुरावटींची संथ रूपे

डेव्हिड लॉइड यांनी डिसेंबर १९९९ मध्ये अमेरिकेत सुरू केलेल्या ओव्हरक्लॉक्ड रीमिक्स या संकेतस्थळावर, व्हिडिओ गेमच्या संगीतावर चाहत्यांनी नव्याने बांधलेल्या चार हजारांहून अधिक रचना आज विनामूल्य ऐकायला आणि उतरवून घ्यायला मिळतात. या साठ्यात मेटल आहे, जॅझ आहे, नाचायला लावणारे इलेक्ट्रॉनिक संगीतही भरपूर आहे. पण या परीक्षणापुरता मी त्यातला एकच कोपरा निवडला आहे, तो म्हणजे रोल-प्लेइंग गेमच्या, अर्थात ज्यांत खेळणारा कथेतल्या पात्राची भूमिका घेतो त्या आरपीजीच्या, सुरावटींवर बॅलडच्या, म्हणजे संथ भावगीताच्या, धाटणीने केलेल्या रचनांचा. जलद रचनेत ड्रम आणि गिटारच्या दणक्याखाली पुष्कळ उणिवा झाकल्या जातात. संथ लयीत मात्र प्रत्येक सूर उघडा पडतो, आणि मूळ चालीवर निव्वळ प्रेम असणे व ती चाल खरोखर समजलेली असणे यांतला फरक पहिल्या मिनिटाच्या आत कळतो. एखाद्या चाहत्याच्या रचनासंग्रहाची पारख करायची असेल तर ती या कोपऱ्यात करावी, असे माझे मत आहे.

आरपीजीच्या संगीतात संथ, गाता येण्याजोग्या चाली इतक्या का सापडतात, याचे उत्तर त्या खेळांच्या घडणीत आहे. तीस-चाळीस तास चालणाऱ्या कथेत पात्रे असतात, त्यांचे विरह आणि मृत्यू असतात, आणि प्रत्येक मुख्य पात्राला स्वतःची धून देण्याची प्रथा नोबुओ उएमात्सू यांच्यासारख्या संगीतकारांनी फायनल फँटसी मालिकेत चांगलीच रुजवली. १९९१ च्या चौथ्या भागातली प्रेमाची धून इतकी लोकप्रिय झाली की जपानमधल्या शाळांच्या संगीताच्या पाठ्यपुस्तकात तिचा समावेश झाला. २ एप्रिल १९९४ रोजी जपानमध्ये आलेला सहावा भाग तर जवळजवळ संपूर्णपणे अशा व्यक्तिधुनांवर उभा आहे. या सगळ्या धुना सुपर निन्टेन्डो या ज्या गेम-यंत्रासाठी लिहिल्या गेल्या, त्याच्या ध्वनिव्यवस्थेला एका वेळी आठच आवाज काढता येत, आणि वाद्यांचे नमुने, सुरांची नोंद, प्रतिध्वनीसाठी लागणारी जागा असे सगळे काही अवघ्या ६४ किलोबाइटमध्ये बसवावे लागे. त्यातच पावलांचे, तलवारीचे, जादूचे आवाज आले की संगीतातला एखादा आवाज तेवढ्यापुरता त्यांना द्यावा लागे. इतक्या तुटपुंज्या साधनांत श्रोत्याला धरून ठेवायचे तर चालच भक्कम हवी. त्या काळातल्या सुरावटी आजही गुणगुणता येतात, याचे बरेचसे श्रेय मी या अडचणीला देतो.

चाहत्याच्या वाट्याला येणारी खरी अडचण वेगळीच आहे, आणि या परीक्षणातला माझा मुख्य मुद्दाही तोच आहे. गेममधली धून संपण्यासाठी लिहिलेली नसते. खेळणारा खेळातल्या एखाद्या गावात दोन मिनिटे थांबेल की वीस, हे संगीतकाराला ठाऊक नसते. त्यामुळे चालीचा शेवटचा सूर पहिल्या सुराकडे अलगद परत नेणारा असतो आणि सगळी बांधणी आवर्तनाची असते. बॅलडचे मात्र शेवटावाचून चालत नाही. तिला मुखडा लागतो, त्याच मुखड्याकडे परत येताना मधे काहीतरी घडलेले असावे लागते, आणि अखेरीस कुठेतरी विसावावे लागते. दीड मिनिटाच्या, गोल फिरणाऱ्या धुनेतून साडेचार-पाच मिनिटांचे गीत उभे करताना चाहत्याला अंतरा स्वतः रचावा लागतो, आणि तो असा की ऐकणाऱ्याला तो मूळ चालीच्याच पोटातून आला आहे असे वाटावे. आपल्याकडच्या भावगीतात मुखडा सर्वांच्या ओठांवर असतो, पण संगीतकाराचा कस अंतऱ्यात आणि अंतऱ्यावरून मुखड्यावर परत येण्याच्या जागेत लागतो. नेमके तेच इथे होते.

या निकषावर पाहिले तर संकेतस्थळावरच्या संथ रचनांचे सरळ दोन वर्ग पडतात. पहिल्या वर्गातल्या रचना मूळ धून पियानोवर किंवा नायलॉनच्या तारांच्या गिटारवर सावकाश वाजवतात, मग तीच धून व्हायोलिनवर देतात, शेवटी सगळी वाद्ये एकत्र आणतात आणि आवाज हळूहळू कमी करून बाहेर पडतात. ऐकायला त्या गोड असतात, पार्श्वसंगीत म्हणून चालून जातात, पण दुसऱ्यांदा लावाव्याशा वाटत नाहीत. दुसऱ्या वर्गातल्या रचना पुन्हा पुन्हा ऐकाव्याशा वाटतात, आणि त्या का वाटतात हे दाखवण्यासाठी सहाव्या भागातल्या टेरा या पात्राच्या धुनेचे उदाहरण घेतो. मूळ खेळात ही धून नकाशावर भटकताना, संचलनासारख्या ठेक्यावर, बासरीसारख्या आवाजात येते, त्यामुळे तिच्यातली उदासी चालीच्या वेगाखाली दबलेली राहते. एका पियानो-रचनेत ठेका पूर्णपणे काढून टाकला आहे. पहिल्या आवर्तनात डाव्या हाताकडे जवळजवळ काहीच नाही, फक्त खालचा एक सूर धरून ठेवलेला. दुसऱ्या आवर्तनात उजव्या हातातली चाल तसूभरही न बदलता डाव्या हाताचे जोडसूर बदलतात, आणि जी ओळ आधी एकाकी वाटत होती तीच आता कोणाला तरी उद्देशून म्हटल्यासारखी वाटते. शेवटी वादक चालीचा अखेरचा सूर वाजवतच नाही. मूळ धून जिथून पुन्हा सुरू व्हायची, त्या उंबरठ्यावर तो थांबतो आणि पेडल सोडल्याचा लहानसा आवाज तेवढा ऐकू येतो. आवर्तनाला शेवट कसा द्यायचा, या प्रश्नाचे इतके समाधानकारक उत्तर मी फार थोड्या ठिकाणी ऐकले आहे.

शब्द घालून गायलेल्या रचनांबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण बहुतेक श्रोते बॅलड म्हणून त्यांच्याकडेच प्रथम वळतात आणि बहुतेक निराशाही तिथेच पदरी पडते. गायलेली बॅलड आरपीजीला नवी नाही. १९९८ च्या झेनोगिअर्सच्या अखेरीस जोआन हॉग यांच्या आवाजातले गीत आहे. १९९९ च्या फायनल फँटसीच्या आठव्या भागात हाँगकाँगच्या फे वाँग यांनी गायलेले गीत आहे. त्याच वर्षीच्या क्रोनो क्रॉसची सांगता गिटारच्या साथीवर गायलेल्या एका हळुवार जपानी गीताने होते. विशेषतः आठव्या भागात उएमात्सूंनी एकाच चालीचा वापर नृत्याच्या प्रसंगी वॉल्ट्झ म्हणून, पियानो वाजवणाऱ्या ज्युलियाच्या प्रसंगी एकल पियानो म्हणून आणि शेवटी गीत म्हणून केला आहे. एकच चाल किती रूपे धारण करू शकते, याचा वस्तुपाठ चाहत्यांपुढे मूळ संगीतकारानेच ठेवला आहे, असे म्हणायला हरकत नाही.

पण ती चाल आधीपासून गाण्यासाठी रचलेली होती. जी धून केवळ यंत्राने वाजवण्यासाठी लिहिली गेली, तिच्यावर शब्द बसवणे हे निराळे काम आहे. यंत्राला दम लागत नाही. म्हणून अशा धुनांमध्ये श्वास घ्यायला जागा नसते, सूर एकदम अष्टकभर वर उडी मारतात, आणि एकच सूर इतका लांब धरलेला असतो की त्यावर कोणता स्वर टिकवायचा असा प्रश्न गायिकेला पडतो. चांगले रचनाकार इथे चालीला हात लावतात: एखादा सूर वगळून श्वासाची जागा काढतात, उंच उडी कडव्यात टाळतात आणि शेवटच्या फेरीसाठी राखून ठेवतात. बाकीचे मात्र मूळ चालीशी प्रामाणिक राहण्याच्या ओढीने प्रत्येक सुराला एकेक अक्षर जोडत जातात, आणि गाणे शब्दांची मोजणी केल्यासारखे होते. शब्दांबाबतही तेच. ज्या रचनांत खेळाची कथाच ओळीओळीने सांगितली जाते, त्या खेळ न खेळलेल्या श्रोत्यापर्यंत पोहोचत नाहीत, आणि खेळलेल्याला त्या काही नवे देत नाहीत. ज्या रचना पात्राच्या मनातला एकच क्षण पकडतात, त्या दोघांनाही भिडतात. दुर्दैवाने पहिल्या प्रकारचेच प्रमाण अधिक आहे. शब्द न घालता केवळ आकाराने गायलेल्या रचना मला अनेकदा सरस वाटल्या, त्याचे कारण हेच.

एक निरीक्षण मराठी किंवा एकूणच भारतीय श्रोत्याला विशेष जाणवेल. यासुनोरी मित्सुदा यांनी १९९५ च्या क्रोनो ट्रिगरमध्ये, ढगांवर वसलेल्या झील या राज्यासाठी जी धून लिहिली, तिच्यात सतारीसारखा एक आवाज आहे. सुपर निन्टेन्डोच्या त्या नमुन्याला मींड ठाऊक नाही. प्रत्येक सूर सरळ उभा राहतो आणि सरळच विझतो. तरीही त्या आवाजाने धुनेला एक दूरस्थ, हरवलेल्या राज्याची छटा दिली आहे. तिच्या संथ रूपांमध्ये अनेक पाश्चात्त्य चाहते सतार काढून तिथे हार्प किंवा पियानो ठेवतात, तर काही जण सतार ठेवतात पण संगणकावरच्या तयार नमुन्यांनी, आणि त्या सरळ सुरांची उणीव मंद लयीत मूळ खेळापेक्षाही अधिक टोचते. सतारीवर हात असलेल्या आपल्याकडच्या एखाद्या वादकाने या धुनेला खऱ्या मींडेसह विलंबित रूप द्यावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे. त्यासाठी या संकेतस्थळाचे दार सर्वांना खुले आहे.

खुले आहे, पण सताड उघडे नाही. पाठवलेली प्रत्येक रचना परीक्षकांच्या मंडळापुढे जाते. तिच्यात मूळ धून स्पष्टपणे ओळखू आली पाहिजे, आणि तरीही ती मूळाची नक्कल नसून स्वतंत्र विचाराने केलेली मांडणी असली पाहिजे, ही प्रमुख अट आहे. परीक्षकांची मते सविस्तर लिहिलेली असतात आणि ती कोणालाही वाचता येतात. निकालाला पुष्कळ महिने लागतात हे खरे, परंतु या गाळणीमुळेच इथल्या संथ रचनांचा सरासरी दर्जा व्हिडिओच्या संकेतस्थळांवर सहज हाती लागणाऱ्या ‘उदास पियानो’ छापाच्या ध्वनिफितींपेक्षा बराच वरचा राहिला आहे. त्याच गाळणीची एक बाजू मला खटकते: ध्वनिमुद्रणाच्या तांत्रिक सफाईला मंडळ मोठे महत्त्व देते, आणि घरातल्या साध्या मायक्रोफोनवर, एका बैठकीत, थोड्या खरखरीसह गायलेले एखादे हृद्य गीत त्यामुळे बाहेर राहण्याची शक्यता असते. बॅलडच्या बाबतीत हे नुकसान इतर प्रकारांपेक्षा मोठे आहे, कारण तिथे आवाजातला थरकाप हाच अनेकदा रचनेचा प्राण असतो.

सेवा म्हणून पाहिले तर तक्रारीला फारशी जागा नाही. उतरवून घेण्यासाठी नाव नोंदवावे लागत नाही, पैसे पडत नाहीत, प्रत्येक रचनेसोबत मूळ खेळ, मूळ संगीतकार, मूळ धून आणि नव्या रचनाकाराचे नाव नीट दिलेले असते, आणि बहुतेक ठिकाणी त्या रचनेचा परिचय करून देणारे छोटे टिपणही असते. मूळ धुनेचे नाव शेजारीच असल्यामुळे ती आधी ऐकून मग नवी रचना ऐकता येते, आणि बॅलडच्या बाबतीत मी आवर्जून तसेच करण्याचा सल्ला देईन. खेळ, संगीतकार, वाद्ये, प्रकार आणि भाव यांनुसार शोध घेता येतो. तरी ‘संथ’ किंवा ‘हळवे’ अशा वर्णनावर पूर्ण भिस्त ठेवू नये, कारण एखादी रचना तीन मिनिटे हळुवार चालून अखेरीस रॉकच्या वळणाने जाते, आणि त्यातल्या काही रचना तर त्या वळणामुळेच उत्तम आहेत. पियानोवरच्या संयत सुरुवातीनंतर गिटारचा एकल भाग नेमका कुठे आणायचा, हे ज्यांना कळले आहे, त्यांच्या रचना मी पुन्हा पुन्हा लावतो.

सुट्या रचनांखेरीज संकेतस्थळाने संपूर्ण अल्बमही काढले आहेत, आणि आरपीजीच्या चाहत्याने त्यांतले दोन तरी ऐकायला हवेत. २००७ चा ‘व्हॉइसेस ऑफ द लाइफस्ट्रीम’ हा फायनल फँटसीच्या सातव्या भागावरचा चार डिस्कचा, ४५ रचनांचा संग्रह आहे. २०१३ चा ‘बॅलन्स अँड रुइन’ हा सहाव्या भागावरचा पाच डिस्कचा संग्रह त्याहून मोठा. त्यात ७४ रचना आहेत. डिस्क छापण्याच्या खर्चासाठी २०१२ मध्ये किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर निधी गोळा करायला सुरुवात झाली, तेव्हा फायनल फँटसीची हक्कदार कंपनी स्क्वेअर एनिक्सच्या आक्षेपामुळे मोहीम थांबवावी लागली. पुढे कंपनीशी बोलणे होऊन ती नव्याने सुरू झाली आणि दीड लाख डॉलरहून अधिक रक्कम जमली. अल्बम मात्र ठरल्याप्रमाणे सर्वांना विनामूल्यच देण्यात आला. सहाव्या भागात सेलेस हे पात्र ऑपेराच्या रंगमंचावर उभे राहून गाते, हा प्रसंग या खेळाच्या चाहत्यांच्या मनात घर करून आहे. मूळ खेळात प्रत्यक्ष मानवी गायन नव्हते, म्हणून पडद्यावर शब्द उमटतात आणि त्यांच्याखाली आवाजासारखा भासणारा एक कृत्रिम सूर चाल म्हणतो. या अल्बममध्ये जेक कॉफमन आणि सहकाऱ्यांनी तो सगळा प्रसंग क्वीन या ब्रिटिश रॉक गटाच्या धाटणीने, खऱ्या गायकांसह उभा केला आहे. संपूर्ण रचनेला बॅलड म्हणता येणार नाही. पण तिच्यातला संथ भाग ऐकताना, जो आवाज १९९४ मध्ये केवळ सुचवता आला होता तो प्रत्यक्ष कानी पडल्याचे समाधान मिळते. हेच कॉफमन पुढे शॉव्हेल नाइट या गेमचे संगीतकार म्हणून नावारूपाला आले.

मोठ्या संग्रहाचा तोटा या दोन्ही अल्बमना लागू आहे. ७४ रचनांमध्ये संथ रचना विखुरलेल्या आहेत, आणि एका हळुवार गीतानंतर लगेच कर्णकर्कश मेटल सुरू झाले की मनाची तार तुटते. त्यामुळे निवडक रचनांची स्वतःची यादी करून ऐकणेच बरे. एकाच स्वभावाचा सलग अल्बम हवा असेल तर वनअप स्टुडिओजचा २००१ चा ‘टाइम अँड स्पेस’ शोधावा. मित्सुदा यांच्या संगीताला वाहिलेल्या या संग्रहाचा कल जॅझ आणि अकूस्टिक वाद्यांकडे आहे आणि चाहत्यांच्या अल्बमच्या परंपरेत त्याचे स्थान आरंभीचे आहे. रीतसर परवाने घेऊन विकले जाणारे अल्बम मटेरिया कलेक्टिव्ह या समूहाने २०१५ पासून आणले आहेत. पैसे देऊन ऐकण्याला माझा विरोध नाही, उलट रचनाकाराच्या हाती काही पडत असेल तर आनंदच आहे. मात्र विनामूल्य संकेतस्थळाची गरज त्यामुळे संपत नाही. अमेरिकेच्या कायद्यात एखाद्या प्रसिद्ध गीताची स्वतःची आवृत्ती ठरलेले मानधन भरून काढता येते, पण चालीचे मूळ स्वरूप बदलायचे किंवा तिला नवे शब्द द्यायचे तर मूळ हक्कदाराची वेगळी परवानगी लागते. शब्द घातलेल्या बॅलडना विक्रीच्या वाटेवर अडथळा येतो तो इथे.

ध्वनीच्या गुणवत्तेबद्दल एक सूचना करतो. इथल्या जुन्या रचनांमध्ये, विशेषतः २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतल्या, व्हायोलिनचा ताफा बहुधा संगणकातलाच आहे आणि जलद रचनेत तो खपून जातो. संथ रचनेत एकेक सूर लांबला की प्रत्येक सुराची सुरुवात सारख्याच पद्धतीने फुगते आणि कान लगेच विटतो. त्यावर पांघरूण घालण्यासाठी प्रतिध्वनीचा मारा केलेला असतो, तो तर आणखीच त्रासदायक. अलीकडच्या रचनांमध्ये खरे चेलो, खरी बासरी, वेगवेगळ्या देशांतल्या वादकांनी आपापल्या घरी मुद्रित करून पाठवलेले भाग अधिक प्रमाणात सापडतात आणि संथ संगीताला त्याचा सर्वाधिक लाभ झाला आहे. म्हणून नव्या श्रोत्याने अलीकडच्या रचनांपासून मागे जात ऐकावे. जुन्यांपैकी फक्त एकल पियानो आणि एकल गिटारच्या रचना आधी निवडाव्यात, कारण काळाचा फटका त्यांना सर्वांत कमी बसला आहे.

फायनल फँटसीचे पहिले सहा भाग २०२१-२२ मध्ये मोबाइलवर नव्या रूपात आल्यापासून हे खेळ प्रथमच खेळणारे श्रोतेही आपल्याकडे आहेत. त्यांनी सुरुवात सहाव्या भागापासून करावी, टेरा आणि सेलेस यांच्या धुना आधी मूळ स्वरूपात, शक्यतो जुन्या यंत्रावरच्या मुद्रणात ऐकाव्यात, आणि मग संकेतस्थळावर त्या धुनांच्या पानावर जाऊन पियानोची एक, गायलेली एक आणि रॉकच्या वळणाची एक अशा तीन रचना उतरवून घ्याव्यात. हे सगळे फोनच्या स्पीकरवर ऐकू नये. डाव्या हाताचे जोडसूर त्यात हरवतात, आणि वर सांगितलेल्या पियानो-रचनेचे सारे मर्म त्या जोडसुरांतच आहे.